वाकणे ऐकू येत नाही

रविवार, ९ मार्च २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटे. नांदुऱ्यातील एका घराच्या मागच्या खोलीत मी सलाइनच्या नळीवरची चिमटी सैल केली आणि नळीतून पाणी खाली टांगलेल्या डब्यात पडू लागले. डबा एका स्फटिकाच्या पट्टीला मधोमध लोंबत होता. पट्टी बोटाच्या पेराएवढी लांब, आगपेटीच्या काडीहून थोडी रुंद आणि काचेसारखी स्वच्छ होती. ती मॅग्नेशियाची होती, म्हणजे पोलादाच्या भट्टीला आतून ज्या विटा लावतात त्यांच्या कुळातली. या कुळाचा, एकूणच सिरॅमिकचा, स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. चहाचा कप असो की विजेच्या खांबावरचा पांढरा चिनी मातीचा चिमणीएवढा तुकडा असो, भार वाढत गेला तरी तो निमूट सहन करतो आणि एका क्षणी फुटतो. मधली पायरी त्याला माहीत नाही. ही पट्टी वाकावी, अशी तजवीज आम्ही केली होती. अशा तीन पट्ट्या होत्या. दोन फुटल्या होत्या. चौथी होणार नव्हती.

तजवीज ज्यांची, ते सर खोलीत नव्हते. कुठलीही वस्तू तपासणीला लावली की ते पायात चपला घालत, ओसरीत खुर्ची टाकत आणि खोलीकडे पाठ करून रेल्वे लाइनीच्या दिशेने पाहत बसत. प्रयोगकर्त्याने प्रयोगाकडे पाठ करावी हे मला अशास्त्रीय वाटे आणि पहिल्याच वेळी मी तसे बोलून दाखवले होते. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी तेव्हा विनोद म्हणून सोडून दिले.

"फुटणं आयकू येते, पोरी. वाकणं आयकू येत नाही. आवाज नाही आला तं मी समजून घेईन."

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मूळचे साखरखेर्ड्याकडचे, पण नोकरीच्या निमित्ताने नांदुऱ्यात आले आणि इथलेच झाले. त्यांची भाषा दोन मजली होती. वरच्या मजल्यावर पाठ्यपुस्तकी मराठी राहत असे. तिथे सिद्धांत, व्याख्या आणि आभारप्रदर्शन चाले. खरे मत मात्र तळमजल्यावर, वऱ्हाडीत मांडले जाई. ते "असे दिसून येते की" म्हणून सुरुवात करत तेव्हा मी लेखणी खाली ठेवी, आणि "आता पाह्य" म्हणत तेव्हा उचलून घेई. माझ्या टिपणांचा उपयोगी भाग जवळपास संपूर्णपणे तळमजल्यावरचा आहे.

गावात त्यांना कपवाले सर म्हणत. स्टेशन रोडवरून ते निघाले की कुणी जयभीम घाली, कुणी सलाम करी, आणि त्याबरोबर हॉटेलातून कागदाची एक पुडी पुढे येई. पुडीत फुटलेल्या कपाचे तुकडे असत. सर ते घरी नेत, खिडकीच्या उजेडात जुळवत आणि पंचनामा करत. हा शब्द त्यांचाच. फुटलेल्या कडेवर एक गुळगुळीत, आरशासारखा ठिपका असतो आणि तिथून नदीच्या फाट्यांसारख्या बारीक रेघा पसरत जातात. त्या रेघा उलट्या चढत गेले की भेग कुठून निघाली ते ठिकाण सापडते. हे शास्त्र सर्वमान्य आहे. सरांचा वेगळेपणा एवढाच की त्या ठिकाणाला ते भेगेचे मूळ गाव म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याला जाऊन सांगत की तुझा कप पडून फुटलेला नाही. तुझा माणूस गरम कप थंड पाण्यात टाकतो, त्याने भेग महिनाभर आधीच घर करून बसली होती. हॉटेलवाले हो हो म्हणत आणि कप पूर्वीसारखेच थंड पाण्यात टाकत. सरांना पुड्या मिळत राहिल्या. दोन्ही पक्ष समाधानी होते.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र चहा स्टीलच्या पेल्यात मिळे. चिनी मातीचे जे काही लग्नात आले होते ते काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, म्हणण्याप्रमाणे "विज्ञानाले गेलं" होते.

मी त्यांच्याकडे भक्तिभावाने गेले नाही. मी मोताळ्याची. एम.एस्सी. झाले होते आणि एका मोठ्या संशोधन संस्थेच्या पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत होते. मुलाखत घेणारे विद्वान आमच्याकडच्या उमेदवाराकडून काय अपेक्षा ठेवतात याचा मला अंदाज होता, आणि ती अपेक्षा चुकवणे हे माझे उद्दिष्ट होते. त्यासाठी हातात स्वतः मोजलेले काहीतरी हवे होते. धातूला आकार देण्याच्या जुन्या पद्धती, म्हणजे लाटणे, ठोकणे, दाबून घासणे, सिरॅमिकवर वापरून त्याला थोडे वाकायला शिकवता येते का, यावर जगात काही प्रयोगशाळांत काम चालू असल्याचे मी वाचले होते. आमच्या जिल्ह्यात या विषयाशी दूरान्वयानेही संबंध असलेला एकच माणूस माझ्या ऐकण्यात होता, आणि त्याची ख्याती कप फोडण्याबद्दल होती. मोताळ्याहून नांदुऱ्याला एस.टी. जाते. प्रयत्न करून पाहण्यात तोटा नव्हता.

पहिल्या भेटीत मी माझा विषय नीट मांडू लागले आणि तिसऱ्या वाक्यात 'ठिसूळ' हा शब्द वापरला. सरांनी हात वर केला. हा शब्द या घरात चालत नाही, असे त्यांनी वरच्या मजल्यावरून, अत्यंत सभ्यपणे सांगितले. मी पर्यायी शब्द विचारला. तो स्वयंपाकघरातून आला.

"'अजून न वाकलेलं' म्हण बाई," काकू म्हणाल्या. "नाही तं चहा भेटनार नाही."

मी म्हटले. चहा मिळाला. मग मी बरोबर नेलेला शोधनिबंध त्यांच्यापुढे ठेवला. त्यात एका पोलादी गोळीने सिरॅमिकच्या पृष्ठभागावर, तेलाखाली, त्याच त्या रेषेत पुन्हा पुन्हा घासण्याची पद्धत दिली होती. सरांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या संदर्भापर्यंत माझ्यासमोर बसून वाचला. मी घड्याळ पाहत होते, शेवटची एस.टी. चुकण्याची शक्यता होती. वाचून झाल्यावर त्यांनी कागद गुडघ्यावर सरळ केले.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "का हे डोक्शातलं खूळ माझं एकट्याचंच हाय."

या खुळाचे मूळ गाव जालना. सरांचे मामा तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये होते आणि सर उमेदीच्या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जात. लालभडक लोखंडी कांडी रुळांच्या जोडीतून जाते, लांबते, वळून पुन्हा येते, आणखी लांबते. हे पाहत ते उभे राहत. त्यांनी मामांना विचारले की हे शिक्षण लोखंडालाच का, भट्टीच्या विटेला का नाही. मामांनी भाच्याला सावलीत बसवून पाणी पाजले. पण प्रश्न सरांच्या डोक्यातून गेला नाही, आणि पुढे त्याच ओळखीतून, भट्टीचे अस्तर बदलताना उरलेली मॅग्नेशियाची ढेकळे त्यांच्याकडे येऊ लागली. विजेच्या भट्टीत वितळून थिजलेल्या अशा ढेकळाच्या पोटात कधी कधी स्वच्छ स्फटिक सापडतात.

लोखंड वाकते आणि कप फुटतो, याचे कारण सर सतरंजीने समजावून देत. मी ते वर्गात नव्हे, साखरखेर्ड्याला त्यांच्या पुतणीच्या लग्नात पाहिले. मांडवात भली मोठी सतरंजी अंथरली होती आणि ती मंचापासून वीतभर अलीकडे राहिली होती. पाच-सहा जण तिला धरून ओढत होते. वर काही पाहुणे बसलेले, त्यामुळे ती हलत नव्हती. सर पंगतीची व्यवस्था सोडून तिथे आले. त्यांनी सर्वांना ओढणे थांबवायला लावले. मग मागच्या टोकाला सतरंजी थोडी पुढे सारून तिच्यात आडवी एक सुरकुती पाडली आणि दोन पोरांना ती पायाने ढकलत मंचाकडे न्यायला सांगितले. सुरकुती आली की पाहुणे एकेक ओळ उठत आणि ती गेली की पुन्हा बसत. सुरकुती मंचाशी पोचून विरली तेव्हा सतरंजी वीतभर सरकली होती, आणि एकदाही कुणी ती सबंध ओढली नव्हती. नवरदेवाचा एक काका म्हणाला, "सर, आता लग्न लावू का अजून फिजिक्स बाकी हाय?"

धातूच्या आत अशा असंख्य सुरकुत्या असतात. त्यांना पाठ्यपुस्तकात भारदस्त नाव आहे; मी सरांचेच वापरते. अणूंचा एक सबंध थर दुसऱ्यावरून ओढायला प्रचंड बळ लागते, पण सुरकुती एकेक ओळ पुढे सरकते आणि धातू वाकतो. सिरॅमिकमध्ये या सुरकुत्या जवळजवळ नसतात. नव्या घडल्याही सहजासहजी जात नाहीत. मग भार आला की सरकायला काही उरत नाही आणि भेग पुढे जाते. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो, आणि सरांना तोच सगळ्यात प्रिय होता. तांब्याची तार वाकवत राहिले की ती कडक होते, कारण आधीच असलेल्या सुरकुत्यांची गर्दी होऊन त्या एकमेकींना अडवतात. सिरॅमिकचे उलट आहे. तिथे गर्दीचा प्रश्नच नाही. तिथे गाव ओसाड आहे. त्याला हळूहळू घासून सुरकुत्या पेराव्या लागतात.

"लोखंडाले जास्त कुटलं का ते हट्टी होते," सर म्हणत. "याले धीरानं कुटलं का हे आयकते."

धीर हा शब्द इथे अलंकारिक नाही. भार थोडा जास्त झाला की पृष्ठभागाला भेग पडते, कमी झाला की काहीच होत नाही, आणि योग्य भाराने एकाच रेषेत शेकडो वेळा जावे लागते. त्यासाठी सरांकडे एक यंत्र होते, आणि ते शिलाई मशीन होते. मशीनचे डोके काढून टाकलेले. खालचे चाक, पट्टा आणि पायाने हलवायची जाळी तेवढी शिल्लक. चाकाला दांडी जोडून तिच्या टोकाला बेअरिंगचा छर्रा बसवलेला. पाय हलवला की छर्रा तेलाखाली ठेवलेल्या पट्टीवर पुढे-मागे सरके. भार म्हणून वर तराजूची वजने. सर पाय हलवत आणि एका लाकडी फूटपट्टीचे एक टोक यंत्रावर, दुसरे कानाशी धरून ऐकत. आतून किरकिर आली तर भार कमी. मग पट्टी दोन पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काळसर चकत्यांच्या, मध्ये धरून उजेडात पाहायची: जिथे सुरकुत्या आल्या तिथे काळोखात उजळ रेघा दिसत. सर म्हणत, "आली," जणू पाहुणी आली.

हे यंत्र जमवून देणारे चाचा म्हणजे बाजारातले शिलाई मशीन दुरुस्त करणारे वृद्ध गृहस्थ. त्यांचे वडीलही हेच काम करत. सरांची आणि त्यांची मैत्री परस्परांच्या वेडाबद्दलच्या आदरावर उभी होती, आणि दोघेही तो आदर टोमण्यांतूनच व्यक्त करत.

"लोकं मशीनीवर कपडे शिवते," चाचा मला पहिल्यांदा म्हणाले, "आपले सर दगड शिवून राह्यले. तू पन शिकून घे बेटा, पुढे कामाले येईन."

सरांच्या अंगी एक कौशल्य असे होते की ते मला कधीच साधले नाही. ढेकळातून काढलेला स्फटिक विशिष्ट दिशेने अगदी सरळ उकलतो, पण ती दिशा अचूक पकडून दाढीचे पाते टेकवावे लागते आणि छोट्या हातोडीचा एकच, नेमका टोला द्यावा लागतो. दुसरा टोला म्हणजे तुकडे. मी प्रयत्न केला; माझ्या पट्ट्यांना पायऱ्या पडल्या. सरांच्या तीन पट्ट्या मात्र आरशासारख्या उकलल्या होत्या. त्या दिवाळीपूर्वी उकललेल्या होत्या. दिवाळीनंतर सरांचा उजवा हात थरथरू लागला.

डॉक्टरांनी औषध दिले आणि हे वाढेल पण हळू वाढेल असे सांगितले. सरांनी ते प्रयोगाचा निष्कर्ष स्वीकारावा तसे स्वीकारले. पेला दोन्ही हातांनी धरू लागले. एकदा त्यांनी छर्रा बसवायला हात पुढे केला आणि तो वजनांवर खडखडला, तेव्हा ते म्हणाले की आता पाय हलवायची गरजच नाही, मशीन वरच आली आहे. काकू त्यावर हसल्या नाहीत. नंतर सरांनी एकदा पाते टेकवून पाहिले. मी खोलीत होते. पाते स्फटिकावर टकटक वाजत राहिले, मग त्यांनी ते पुन्हा कागदात गुंडाळून डबीत ठेवले आणि डबी माझ्याकडे दिली. ढेकळे अजून होती, विकत मिळणारे स्फटिकही होते, मी पैसे जमवून मागवीन असे सुचवून पाहिले होते. पण गणित साधे होते: ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना सांगितले की हे वाकेल, त्याच्या स्वतःच्या हाताने उकललेल्या तीनच पट्ट्या आता जगात होत्या.

पहिली न घासता तपासली. ते आवश्यक होते. तुलनेशिवाय मोजमापाला अर्थ नाही. पट्टीच्या मध्यावर टेकलेल्या तरफेवर आरसा, आरशावर लेसर, आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या मोजपट्टीवर लाल ठिपका, अशी रचना मी केली होती. पट्टी केसाच्या जाडीइतकी जरी खाली गेली तरी ठिपका बोटभर वर चढावा, असा तिचा हिशेब होता. ठिपका शून्यापासून अर्धा सेंटीमीटरही चढला नाही. टिक. ओसरीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर आत आले, दोन तुकडे उचलले, मूळ गाव शोधले आणि पुडी बांधली.

दुसरी पट्टी आम्ही पूर्ण घासली. शेजारी शेजारी रेषा टाकत तिचा एक सबंध चेहरा सुरकुत्यांनी भरला. पोलरॉइडखाली ती वीज चमकल्यासारखी उजळत होती. शेवटच्या टप्प्यात यंत्राचा सरकता भाग डगमगू लागला, म्हणून पट्टी चिकटवलेली असतानाच सरांनी तो सबंध भाग चाचांकडे सरळ करायला पाठवला. पट्टी सोडवताना तुटेल, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती.

दोन दिवसांनी आम्ही तो आणायला गेलो. चाचांनी फडक्यातून काढून तो आमच्यापुढे ठेवला. लोखंड चकचकीत झाले होते. पट्टीही चकचकीत झाली होती.

"तुमचा तो काच पुरा घासला गेला होता, सर," चाचा म्हणाले. "आधी बारीक एमरी पेपर मारला, मंग बफाच्या चाकावर घेतला. माझ्या दुकानातून माल ओरखड्यासंगं वापस जात नाही."

हे त्यांच्या धंद्याचे ब्रीद होते. गिऱ्हाइकाने सुई बदलायला मशीन आणले तरी ते जाताना तिच्या पत्र्यावरचे गंज आणि चरे काढूनच देत, आणि त्याचे वेगळे काही सांगत नसत. त्यांनी आमच्या पट्टीवर असेच प्रेम केले होते, आणि आम्ही आठवडे घालवून पेरलेला सगळा थर उतरवून टाकला होता. मी बोलायला तोंड उघडले. सरांनी पट्टी खिडकीकडे धरली. ती त्यांच्या बोटांत थरथरत होती, त्यामुळे उजेड तिच्यावर नाचत होता.

"वा चाचा," ते म्हणाले. "आरसाच केला."

चाचांनी चहा मागवला. सर तो निवांत प्यायले, चाचांच्या नातीच्या परीक्षेची चौकशी केली, आणि मग आम्ही निघालो. फाटकाशी मालगाडीसाठी थांबावे लागले तेव्हा ते म्हणाले, "त्याले सांगू नको."

"काऊन?" मी विचारले. रागात माझीही भाषा तळमजल्यावर उतरते.

"त्यानं उमरभर ओरखडा घेऊन माल वापस देला नाही. त्याचा हात अजून सरळ चालते. त्या हाताले आता भेव कायले घालू?"

गाडी बराच वेळ जात होती. मी त्या वाक्याचे विश्लेषण करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मात्र पट्टीचे विश्लेषण सोडले नाही. ती पुन्हा घासावी, असा माझा प्रस्ताव होता. सरांनी तो फेटाळला: एमरीचे चरे पडलेली आणि पातळ झालेली पट्टी आता वेगळी वस्तू आहे, तिला वेगळी वस्तू म्हणूनच तपासू. विचार केल्यावर मला पटले. घासून मग थर उतरवलेला नमुना, हा आम्ही स्वतःहून कधीच केला नसता आणि तुलनेसाठी तो अतिशय उपयोगी होता. मी भार लावला. ठिपका पहिल्या वेळेइतकाही चढला नाही. टिक. एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण तो माझ्या अहवालात आहे, आणि त्याच्यापुढे सरांच्या आग्रहाने 'पॉलिश केलेला नमुना' असे लिहून चाचांचे नाव व आभार आहेत. चाचांनी त्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून दुकानात लावली आहे. आपल्या पॉलिशमुळे पट्टी फुटली, हे त्यांना आजतागायत कळलेले नाही, आणि ते मराठी वाचत नाहीत, म्हणून याही लिखाणातून कळणार नाही.

आज मी ज्या संस्थेत आहे तिथे गोळी फिरवण्यासाठी काचेच्या कपाटात बंद यंत्र आहे. भार ते स्वतः मोजते. फूटपट्टी कानाला लावावी लागत नाही. मी एकदा लावून पाहिली. सहकाऱ्यांनी कारण विचारले, मी कंपनांची तपासणी असे सांगितले. सर अधूनमधून फुटलेल्या कपांचे फोटो पाठवतात आणि खाली आवाजी निरोप असतो: "याचं मूळ गाव सांग." फोटो हललेले असतात. मी उत्तर देते. बहुधा चूक निघते.

तर ती दुपार. तिसरी पट्टी आम्ही दुसरीसारखीच पूर्ण घासली होती, आणि या वेळी ती घराबाहेर गेली नव्हती.

वेळ सरांनी ठरवली होती. मुख्य लाइन घरापासून जवळ आहे आणि गाडी आली की खोली हलते. माणसाच्या कानाला कळायच्या आत भिंतीवरचा ठिपका थरथरतो. सरांना गाड्यांचे वेळापत्रक पाठ होते आणि रविवारी चारनंतर मोकळा वेळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंनी मिक्सर लावायचा नाही, असे ठरले. सरांनी चपला घातल्या. दारातून मला त्यांची पाठ, खुर्चीचा हात आणि त्यावर ठेवलेला उजवा हात दिसत होता. डाव्या हाताने त्यांनी तो धरून ठेवला होता.

पाणी पडू लागले. ठिपका चढू लागला. अर्धा सेंटीमीटर, म्हणजे आधीच्या दोन्ही पट्ट्या जिथपर्यंत पोचल्याही नव्हत्या ती रेघ, त्याने ओलांडली. मी आवाज केला नाही. मग त्याची चाल बदलली. आतापर्यंत तो पाण्याच्या मापाने चढत होता. आता पाणी तेवढेच पडत होते आणि तो त्याहून वेगाने, पण अतिशय शांतपणे चढत होता. एक. दीड. दोन. मी लिहीत होते आणि माझे अक्षर बिघडत होते.

तीनच्या पुढे ठिपका थरथरला.

वेळापत्रकात नसलेली मालगाडी होती. मी चिमटी आवळली, पाणी थांबले, पण डबा डोलू लागला होता आणि ते मला थांबवता येत नव्हते. हात लावणे म्हणजे भार लावणे. गाडी लांब आणि भरलेली होती. खिडकीची तावदाने वाजत होती, काकूंची भांडी वाजत होती, आणि भिंतीवर ठिपक्याऐवजी एक लाल रेघ दिसत होती. तेवढ्या गडगडाटात टिक झाले असते तर मलाही ऐकू आले नसते. सरांना तर नाहीच. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. वळले मात्र नाहीत.

गाडीचे डबे संपले. रेघ आखडत गेली आणि पुन्हा ठिपका झाली. ठिपका ४.६ वर होता.

"पट्टी गेली काय?" सरांनी लाइनीकडे पाहतच विचारले.

"नाही, सर."

"मंग पानी काढ. वापस येते का पाह्यू."

हाच खरा प्रश्न होता. भार काढल्यावर ठिपका शून्यावर परतला असता, तर पट्टी केवळ ताणली जाऊन पूर्ववत झाली असती आणि आम्ही काहीच मिळवले नसते. मी नळी डब्यात उतरवून पाणी हळूहळू ओढून घेऊ लागले. पाठीमागे चपलांचा आवाज आला आणि उंबऱ्याशी थांबला. चपला काढल्याचा आवाज आला. सर आत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. तपासणी चालू असताना खोलीत आलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले.

ठिपका ४.६ वरून खाली आला. ४.४. ४.२. डबा रिकामा झाल्यावर मी तो टांगणीच्या हुकावरून काढला, आणि ठिपका थोडा खाली येऊन थांबला. आम्ही वाट पाहिली. तो हलला नाही.

सरांनी भिंतीपाशी जाऊन उजवे बोट ठिपक्याखाली धरले. बोट थरथरत होते. ठिपका थरथरत नव्हता.

"चष्मा तिकडं राह्यला," ते म्हणाले. "तू वाच."

मी वाचले, आणि त्यांच्यासमोर लिहिले: भार शून्य, ठिपका शून्याच्या वर, ४.१ सेंटीमीटर.